यूआयमधली कारागिरी शिकायची कशी: सोसायटीच्या गेटवरच्या एका स्क्रीनपासून सुरुवात

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत यूआय डिझायनर (यूआय म्हणजे यूझर इंटरफेस, स्क्रीनवर बघायचा आणि दाबायचा भाग) म्हणून शिरू पाहणाऱ्यांचे पोर्टफोलिओ माझ्याकडे अधूनमधून येतात. रंग नेटके, फॉन्ट नेटके, मॉकअप (स्क्रीनची नमुना चित्रं) तर मासिकात छापावेत असे. पण एखादं बटण दाबून बघावं म्हटलं तर दाबायला काहीच नसतं, सगळी चित्रंच. बोट टेकल्यापासून प्रतिसाद यायला किती वेळ गेला, अंगठा कोपऱ्यापर्यंत पोचला का, नेटवर्क गेल्यावर लिहिलेलं राहिलं का, ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव नीट उमटलं का, यातलं काहीही चित्रात दिसत नाही. यूआयमधली कारागिरी बहुतेक इथेच असते. ती मोजता येते आणि सरावाने हातात बसते. ‘फील’ ही कुणाला उपजत मिळालेली देणगी आहे असं समजून लांब राहू नका.

कोर्स नुकताच संपवलेल्या आणि पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. थोडंफार एचटीएमएल-सीएसएस (वेबपान बांधायच्या आणि सजवायच्या भाषा) येत असेल असं धरलंय. येत नसेल तर या सरावापुरतं करता करता जमेल.

सरावाला स्क्रीन एकच घ्यायची: सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद. घोडबंदर रोडचे टॉवर असोत की कोपरखैरण्याच्या सोसायट्या, हे काम सगळीकडे चालतं. तेच काम दिवसभर पुन्हा पुन्हा करावं लागतं. हातात स्वस्त फोन असतो, डोक्यावर ऊन किंवा पाऊस असतो, आणि मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. इथे जे डिझाइन टिकतं ते एसीत बसलेल्या माणसाच्या हातात नक्की टिकेल. शिवाय गेट तुमच्या घराखालीच आहे.

आधी जमवायचं सामान

- जुना अँड्रॉइड फोन, २ किंवा ३ जीबी रॅमचा. घरात पडलेला चालेल, नाहीतर स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात सेकंडहँड मिळतो. स्क्रीनवर बारीक चरे असतील तर उलट बरंच.
- स्लो-मोशन व्हिडिओ घेणारा दुसरा फोन, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा. काही स्वस्त फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात, त्यांचा इथे उपयोग नाही.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी.
- लॅपटॉप, क्रोम, साधा कोड एडिटर आणि डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला दिसत नाही आणि आपण उगाच सेटिंग्ज शोधत बसतो.
- स्क्रीन आखायला फिगमाचं मोफत खातं, किंवा मुक्त स्रोत असलेलं पेनपॉट.
- गेटवर उभं राहायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होकार घेतलात तरी चालेल.
- वीस-पंचवीस बनावट नावं, नंबर आणि गाड्या. गेटच्या वहीतली खरी पानं फोटो काढून वापरू नका. ती लोकांची वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ पासून त्यासाठी वेगळा कायदाही आहे.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘शो टॅप्स’ सुरू करा. बोट टेकतं तिथे ठिपका उमटतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तो कामाला येतो.

१. फिगमा उघडण्याआधी गेटवर उभे राहा

संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ धरा. कामावरून परतणारे, पार्सल आणणारी मुलं, शिकवणीची मुलं, सगळे एकदम येतात. वॉचमन काकांना ‘तुम्हाला कसं अ‍ॅप आवडेल?’ असं विचारू नका, ते बिचारे ‘सगळं छान आहे साहेब’ म्हणून मोकळे होतील. विचारायचं असेल तर असं विचारा: ‘काका, आत्ता तो मुलगा आत सोडलात, तेव्हा काय काय केलंत?’ आणि गप्प राहून ऐका. बोलण्यापेक्षा हात बघा. दुसऱ्या हातात काय आहे? छत्री, काठी, इंटरकॉमचा रिसीव्हर? म्हणजे तुमची स्क्रीन एका अंगठ्यावर चालायला हवी.

कागदी वही चालू असेल तर तीही नीट बघा. अनेक सोसायट्यांत अ‍ॅप असूनही वही सुटत नाही, त्याला कारण असतं. वरच्या ओळीसारखंच असेल तर वहीत दोन छोट्या खुणा मारून पुढे जाता येतं. मागच्या तासाभरात कोण आलं हे एका नजरेत दिसतं. चूक झाली तर आडवी रेघ ओढली की झालं, आणि चूकही दिसत राहते. पुढे डिझाइन करताना या तीन गोष्टी समोर ठेवा: वरच्यासारखंच, मागचं दिसणं, सहज खोडणं. वहीने दिलेलं तुमच्या स्क्रीनने काढून घेतलं, तर लोक वहीकडे परत जाणार.

नजर तयार करायला दुसरी चांगली जागा म्हणजे ठाणे स्टेशनवरची तिकीट मशीन. रांगेत उभे राहून पुढच्याचं बोट बघा: कुठे थबकतं, कुठे दोनदा दाबतं. दोनदा दाबलं म्हणजे पहिल्या दाबाची पोच त्याला मिळाली नाही.

२. टायपिंग कमी करा, मग रंगांकडे वळा

नवशिक्याच्या फॉर्ममध्ये हमखास नाव, मोबाइल, गाडी क्रमांक, विंग, फ्लॅट, कारण असे सहा रकाने एकाखाली एक असतात, आणि प्रत्येकाला पूर्ण कीबोर्ड. ते कितीही देखणं केलं तरी वापरायला कष्टाचंच राहतं.

गाडीचा क्रमांकच घ्या. त्यात अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं, पुन्हा आकडे येतात, म्हणजे कीबोर्ड निदान तीनदा बदलावा लागतो. पण ठाण्याच्या गेटवर येणाऱ्या बऱ्याच गाड्या एमएच ०४ आणि वाशी-नेरूळकडे एमएच ४३ असतात. तेवढं आधीच भरून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे विचारा. गेटवरची माणसं गाडी त्याच आकड्यांनी ओळखतात. चार आकडे पडले की आधी येऊन गेलेल्या गाड्या खाली दिसू द्या. रोजचा दूधवाला एका टॅपमध्ये आत गेला पाहिजे, वहीतल्या ‘वरच्यासारखंच’ खुणेसारखा.

फ्लॅटसाठी विंगची मोठी बटणं ठेवा आणि पुढे नुसते आकडे घ्या. मोबाइलच्या रकान्याला आकड्यांचा कीपॅड उघडेल असा इनपुटमोड द्या, पण इनपुटचा टाइप ‘नंबर’ ठेवू नका. तो प्रकार रकमांसाठी आहे. त्यात सुरुवातीचं शून्य उडू शकतं आणि डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरून आकडा बदलू शकतो. कुणी अधिक ९१ आणि मधल्या जागांसकट नंबर पेस्ट केला तर लाल अक्षरांत ओरडू नका, जागा आपल्या आपण काढून टाका.

इनपुटमधल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवलात तर आयफोनचा सफारी त्या रकान्यावर टॅप करताच पान मोठं करतो आणि सगळी मांडणी हलते. कारण माहीत नसलेला माणूस हे शोधत अख्खी दुपार घालवतो.

३. बोटाला पुरेल एवढी जागा द्या

पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम अजून तसाच लागू आहे: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. ॲपलची मार्गदर्शिका किमान ४४ बाय ४४ पॉइंट सांगते, अँड्रॉइडची ४८ बाय ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनच्या दाटीशी जुळवून घेणारी मापं). स्टीलची पट्टी फोनवर ठेवून मोजा, फोनागणिक हे साधारण ७ ते ९ मिलिमीटर भरतं. वेबच्या सुलभतेचे निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.२, यांनी २०२३ मध्ये २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल ही खालची मर्यादा घातली. ती मर्यादा आहे, तिला ध्येय समजू नका. गेटवरचं ‘आत सोडा’ हे मुख्य बटण मी स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचं आणि निदान ५६ डीपी उंचीचं ठेवेन.

दिसणारं चिन्ह लहान असायला हरकत नाही, त्याभोवती दाबण्याचा भाग मोठा ठेवता येतो. फक्त शेजारशेजारचे दोन अदृश्य भाग एकमेकांवर चढू देऊ नका. आणि ‘आत सोडा’ला चिकटून ‘नकार’ ठेवू नका.

जून ते सप्टेंबर हा फोन प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत जातो. स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की स्पर्श चुकीचे लागतात, कधी न दाबताच लागतात. घरीच करून बघा: फोन पिशवीत घाला, वर थोडं पाणी शिंपडा आणि दहा नोंदी करा. पुढे परत घेण्याची सोय सांगितली आहे, ती या प्रयोगानंतर ऐच्छिक वाटणार नाही.

४. वेळ मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. स्क्रीन ‘जड’ वाटते की ‘हलकी’, हे बहुतेक वेळा मिलिसेकंदांतच ठरतं.

आधी वेळेच्या मर्यादा समजून घ्या. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये यावर लिहिलं आणि याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये त्याच तीन मर्यादा लोकांपर्यंत पोचवल्या. सुमारे ०.१ सेकंदात बदल दिसला तर ‘मी केलं आणि झालं’ असं वाटतं. १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. वेबवर गूगलने मार्च २०२४ पासून आयएनपी हे माप मुख्य मापांत घेतलंय. त्यात टॅप, क्लिक किंवा कीनंतर स्क्रीनवर पुढचा बदल दिसेपर्यंतचा वेळ मोजतात. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या वर वाईट.

आता मोजायचं कसं:

- जुना फोन टेबलावर सपाट ठेवा. दुसऱ्या फोनने वरून २४० फ्रेमवर स्लो-मोशन घ्या. बोट आणि स्क्रीन दोन्ही स्पष्ट दिसू द्या.
- बटण पाच-सहा वेळा दाबा, मध्ये थोडं थांबत.
- मूळ व्हिडिओ लॅपटॉपवर आणा आणि व्हीएलसीत एकेक फ्रेम पुढे न्या. बोट काचेला टेकल्याची फ्रेम आणि स्क्रीनवर पहिला बदल दिसल्याची फ्रेम, यांतलं अंतर मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, म्हणून २४ फ्रेम म्हणजे साधारण १०० मिलिसेकंद.
- त्याच फोनच्या डायलरवरचा एखादा आकडा दाबून तेच मोजा. फोनचा स्वतःचा उशीर त्यातून कळतो. तुमच्या स्क्रीनचा आकडा त्याच्या शेजारी लिहा आणि दोन्हींतला फरक बघा, तेवढाच तुमच्या हातात आहे.

आकडा मोठा आला तर या क्रमाने शोधा.

बटणाची ‘दाबलेली’ अवस्था बोट टेकताच दिसते का? कृती बोट उचलल्यावर व्हायला हवी, म्हणजे चुकून दाबलं तर बोट बाजूला सरकवून सुटता येतं. पोच मात्र टेकतानाच मिळाली पाहिजे. अनेक नवशिके फक्त होव्हरची, म्हणजे माउसचा बाण बटणावर आल्यावरची, अवस्था काढतात. फोनवर बोट हवेत तरंगत नाही, तेव्हा ती तिथे कामाची नाही. उलट टॅपनंतर होव्हरचा रंग चिकटून राहतो आणि बटण अडकल्यासारखं दिसतं. होव्हरचे नियम ज्या उपकरणावर खरोखर होव्हर होतं तिथेच लागू होतील अशा मीडिया क्वेरीत (उपकरण बघून लागू होणाऱ्या सीएसएसच्या अटीत) ठेवा. एक अपवाद: सरकणाऱ्या यादीत ही पोच किंचित उशिरा येते, कारण बोट दाबायला आलंय की यादी सरकवायला, हे फोनला आधी ठरवावं लागतं. तिथे प्रणालीशी भांडू नका.

पानाच्या सुरुवातीची व्ह्यूपोर्टची ओळ (पान किती रुंद मांडायचं हे ब्राउझरला सांगणारी) आहे ना? पूर्वी मोबाइल ब्राउझर दुसऱ्या टॅपची वाट बघत सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचे. व्ह्यूपोर्ट उपकरणाच्या रुंदीला बांधला की आजचे ब्राउझर थांबत नाहीत.

मग सर्व्हर. ‘आत सोडा’ दाबलं की सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ‘थांबा’ सांगणारा गोल फिरवत बसू नका. नोंद लगेच यादीत दिसू द्या, शेजारी ‘पाठवत आहे’ अशी बारीक खूण ठेवा आणि पाठवणं मागे चालू द्या. पण इथे तारतम्य हवं. पैसे गेले, किंवा मोटरवर चालणारा अडथळा उघडला, असल्या गोष्टी झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. वेगासाठी खोटं बोलणारी स्क्रीन एकदा पकडली गेली की तिच्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

गोल फिरवायचाच असेल तर पहिले ३०० मिलिसेकंद तो दाखवू नका. काम त्याआधी झालं तर तो नुसताच चमकून जातो आणि स्क्रीन उगाच धडपडल्यासारखी वाटते.

हे सगळं लॅपटॉपवर तपासून समाधान मानू नका. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) सीपीयू चारपट किंवा सहापट मंद करता येतो आणि नेटवर्कही. तो अंदाज आहे, खरा निकाल जुन्या फोनवरच.

५. हालचाल जपून वापरा

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की फ्रेम गळते आणि हालचाल अडखळते. म्हणून शक्यतो ट्रान्सफॉर्म (जागा, आकार, फिरवणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) एवढंच हलवा. रुंदी, उंची किंवा वरचं अंतर हलवलं की ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला मांडणी नव्याने मोजावी लागते, आणि स्वस्त फोन तिथेच दमतो.

साधा अंदाज: आत येणारी गोष्ट २०० ते २५० मिलिसेकंदांत, वेगात येऊन शेवटी हळू होणारी. बाहेर जाणारी त्याहून लवकर. मधेच उलट दाबलं तर हालचाल पूर्ण होण्याची वाट न बघता तिथूनच मागे फिरली पाहिजे.

‘नोंद झाली’नंतर उड्या मारणारी हिरवी टिक पोर्टफोलिओत फार दिसते. पहिल्या पाहुण्याला ती गोड वाटते, संध्याकाळच्या गर्दीत तिच्यामागे हॉर्न वाजतात. दिवसातून शंभरदा होणाऱ्या कृतीला जवळजवळ हालचाल नसावी, हे माझं ठाम मत. तिथे फोनची छोटी थरथर जास्त कामाची, कारण नजर गाडीवर असली तरी हाताला कळतं. वेबपानावरून ती अँड्रॉइडच्या क्रोममध्ये देता येते, आयफोनच्या सफारीत नाही, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

ज्यांनी फोनच्या सेटिंग्जमध्ये हालचाली कमी केल्या आहेत त्यांची निवड पाळा. काहींना सरकणाऱ्या स्क्रीनने खरोखर गरगरतं.

६. देवनागरीची कसोटी लावा

तुमची स्क्रीन मराठीत असेल, आणि ठाण्यातल्या गेटवर ती मराठी-हिंदीत असायलाच हवी, तर लॅटिन लिपीसाठी बनलेल्या डिझाइन सिस्टिमची (तयार घटक आणि मापांच्या संचाची) मापं जशीच्या तशी चालत नाहीत. या भागात मेहनत घेणारे उमेदवार कमी भेटतात, म्हणून इथे पुढे जायला मोकळी जागा आहे.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. लेटर-स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांचा दिसतो. इंग्रजी लेबलांची कॅपिटल अक्षरं आणि मोकळं अंतर ही जोडी आपल्या कामाची नाही. वेगळेपणा दाखवायला वजन किंवा रंग वापरा. फार जाड वजनात क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटातल्या जागा भरून जातात, तेही बघा.

ओळींमधलं अंतर १.५ ते १.७ पट द्या. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, असं दोन्ही बाजूंना आपलं अक्षर पसरतं. बटणाची उंची ठरावीक ठेवून बाहेरचं कापायची सूचना दिली असेल तर पहिला बळी ‘र्वीं’ किंवा ‘ट्रू’चा जातो. त्याच पिक्सेल आकारात देवनागरी लॅटिनपेक्षा बारीक वाटते, म्हणून आकार दहा-पंधरा टक्के वाढवून बघा.

फॉन्टचे पर्याय चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, हिंद, हे सगळे मोफत मिळतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श ची मराठी वळणं आपोआप येतात. ही नोंद स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागते.

चाचणीची नावं मुद्दाम अवघड घ्या: कुऱ्हाडे, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वरी, दुर्वांकुर, ऋग्वेद, म्हात्रे, ठाकूर. ‘कुऱ्हाडे’मधला चंद्रकोरीसारखा र नीट जोडलेला दिसतो का बघा, कच्च्या फॉन्टमध्ये तिथे पाय मोडलेला र उभा राहतो.

नावाच्या पहिल्या अक्षराचा गोल बिल्ला बनवताना तर हमखास घोटाळा होतो. ‘श्रीकृष्ण’चं पहिलं अक्षर मागितलं की साधा कोड ‘श’ देतो, ‘किरण’चं ‘क’. अक्षरगट ओळखणारी सोय आता ब्राउझरमध्ये आहे, पण देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी मानकाच्या) १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुन्या फोनवर अजूनही ‘श्’ आणि ‘री’ वेगळे पडू शकतात. माझा सल्ला विचाराल तर बिल्ला काढूनच टाका. गेटवर त्याचा काही उपयोग नाही.

आकड्यांचंही ठरवा. मराठी कीबोर्डवरून कुणी ९८ असं देवनागरीत लिहिलं तर जावास्क्रिप्टमधली नेहमीची ‘आकडा’ तपासणी ते नाकारते, कारण तिला फक्त इंग्रजी आकडे कळतात. दोन्ही स्वीकारा, आत एकाच रूपात साठवा. दाखवताना मात्र गाडीचे आकडे पाटीवर असतात तसेच दाखवा. पाटी आणि स्क्रीन जुळवताना मनात भाषांतर करायला लागू नये.

आणि स्क्रीनवरचे शब्द. ‘अभ्यागत प्रवेश नोंद यशस्वीरीत्या समाविष्ट करण्यात आली’ असं गेटवर कुणी बोलत नाही. ‘नोंद झाली’ पुरे. बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘आत सोडा’ लिहा.

७. शेवटी डोळ्याने जुळवा

हे भरभर होतं. गोलातला प्लेचा त्रिकोण गणिताने मधोमध ठेवला तर डावीकडे सरकलेला दिसतो, किंचित उजवीकडे घ्या. चौकोनाएवढाच गोल लहान दिसतो, थोडा वाढवा. कोपरे गोल असलेल्या कार्डात दुसरं कार्ड असेल तर आतल्याची त्रिज्या म्हणजे बाहेरची त्रिज्या वजा मधलं अंतर. बटणातला मराठी मजकूर शिरोरेषेमुळे बहुधा मध्यावर वाटत नाही, एक-दोन पिक्सेलने सरकवून बघा. मागे-पुढे होणारे आकडे एका रुंदीचे ठेवा, नाहीतर घड्याळ चालताना वेळ थरथरते.

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या मजकुराला निदान ४.५ : १ हवा. दुपारच्या उन्हासाठी ७ : १ धरा, आणि भर दुपारी गेटवर जाऊन वाचून बघा. फिक्या राखाडीवर गडद राखाडी ही फॅशन त्या उन्हात दोन मिनिटं टिकत नाही. रात्रपाळीला गडद थीम द्या.

८. बिघाडाच्या स्क्रीनही काढा

एकाच स्क्रीनच्या या अवस्था वेगवेगळ्या काढा: रिकामी, एकच नोंद असलेली, शंभर नोंदींची, लांबलचक नावाची, नेटवर्क नसलेली, पाठवताना अडलेली, रहिवासी फोन न उचलणारी. बेसमेंट पार्किंगच्या गेटवर रेंज जाते, तेव्हा नोंद फोनमध्येच राहून नंतर गेली पाहिजे.

‘तुमची खात्री आहे का?’ हा प्रश्न टाळा. दिवसभर विचारला की माणूस न वाचताच ‘हो’ दाबतो. त्याऐवजी कृती होऊ द्या आणि पुढची काही सेकंद खाली ‘परत घ्या’ ठेवा. नंतरही यादीतून नोंद रद्द करता आली पाहिजे, आणि रद्द केलेली आडव्या रेघेने दिसत राहिली पाहिजे. वहीत होतं तसंच. गाडी एकदा आत गेली की ती ‘परत घेता’ येत नाही, म्हणून ‘नकार’ आणि ‘आत सोडा’ यांत अंतर ठेवायला सांगितलं.

९. दाखवताना काय न्यायचं

पोर्टफोलिओत ही एकच स्क्रीन ठेवा, पण उघडून दाबता येईल अशी. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात खरं बोट दिसतंय. माणसांचे चेहरे आणि सोसायटीचं नाव त्यात येऊ देऊ नका. एक छोटा तक्ता द्या: डायलरचा वेळ, सुधारणेआधी तुमचा वेळ, नंतरचा वेळ, कोणत्या फोनवर मोजला. ‘वापरकर्त्यांचं समाधान इतके टक्के वाढलं’ असले आकडे लिहू नका. मुलाखत घेणारे पहिला प्रश्न त्यावरच विचारतात आणि तिथे उत्तर नसतं.

डेव्हलपरच्या हाती देतानाही हाच शिरस्ता: नुसती फिगमाची फाइल न पाठवता दाबलेली अवस्था, हालचालीचा वेळ, दाबण्याच्या भागाची मापं आणि अवघड नावांची यादी एका पानावर लिहून द्या. नोकरीत पहिल्या महिन्यात चांगलं नाव कमवायला याहून सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

मुलाखतीला जुना फोन चार्ज करून न्या आणि स्क्रीन विमान मोडमध्येही चालेल अशी तयारी ठेवा, पाहुण्यांना वायफाय मिळेलच असं नाही. काही आयटी पार्कांत आत शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तेव्हा समोरच्याला क्यूआर स्कॅन करायला सांगायची योजना तिथे फसते. छोटी, हाताने टाइप करता येईल अशी लिंक रेझ्युमेवर ठळक छापून ठेवा.